आधी गावाची रजामंदी, मग पवनचक्की

पवनचक्कीचा विषय निघाला की लालबाग-दादरचे आपले व्यापारी बंधू म्हणतात, "चक्की डोंगरावर, आपण दुकानात. आपला काय संबंध?" संबंध आहे. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत वीज बेस्ट देते. वीज नियामक आयोगाच्या नियमाप्रमाणे वीज पुरवणाऱ्याला ठरावीक हिस्सा वारा, ऊन अशा स्रोतांतून घ्यावाच लागतो. त्याचा खर्च आपल्या बिलात येतो. म्हणजे चक्कीच्या विजेचे गिऱ्हाईक आपणही आहोत.

आता चक्की उभी कशी राहते ते पाहा. पुणे जिल्ह्यात भीमाशंकरजवळ वनजमिनीवर पवनचक्क्या आल्या. मंजुरी मुंबई-दिल्लीच्या दफ्तरांत झाली. २०११ साली डॉ. माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट समितीने अहवालात लिहिले की, रस्त्यांसाठी डोंगर कापले गेले, दरडी कोसळल्या, मलबा सुपीक शेतांत गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या जिथे लोक जात होते तिथे अडथळे उभे राहिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळायचे हक्कही त्यांना मिळाले नव्हते. वनजमीन देताना ग्रामसभेची संमती लागेल, असे केंद्राचे परिपत्रक २००९ मध्येच निघाले होते.

गिरणगावाला हे दुखणे नवे नाही. माझे वडील परळच्या गिरण्यांचे कापड विकत. १९८२ चा संप झाला तेव्हा मी उर्दू शाळेत होतो. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि मालक असे तीन हिस्से ठरले. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले. ज्या कामगारांचे आयुष्य तिथे गेले, त्यांच्याशी मशवरा कोणी केला?

पवनचक्की नको, असे माझे म्हणणे नाही. कोळशाच्या धुरापेक्षा वारा केव्हाही बरा. पण आपण कापडाचा साधा सौदा करतो तेव्हाही भाव, मुदत आणि नुकसान कोणाचे हे आधी ठरवतो. तसेच इथेही व्हावे. करार ग्रामसभेत मराठीत वाचला जावा. ग्रामपंचायतीला कर किती मिळणार, रस्ता आणि मलबा कोण सांभाळणार, हे मंजुरीपूर्वी लिहून घ्यावे. रजामंदीने झालेला सौदा टिकतो. जबरदस्तीचा सौदा कोर्टात अडकतो आणि त्याचा खर्च शेवटी गिऱ्हाइकावर येतो.

बेस्टच्या वीजदरावर आयोग लोकांकडून लेखी हरकती आणि सूचना मागवतो. आपल्या व्यापारी संघटना तिथे फक्त युनिटच्या भावावर बोलतात. पुढच्या वेळी एक ओळ आणखी लिहा: ही वीज कोणत्या गावाची, आणि त्या गावाला विचारले होते काय?