दिवाणाला घरी कोण पाठवणार?

म्हैसूरहून नंजनगूडला जाताना वाटेत कडकोळ लागते. तेथे एका मुक्कामी चार अधिकारी मित्रांत जुनाच वाद पुन्हा रंगला. संसदीय पद्धती ही विलायतेची उसनवारी. आपल्या संस्थांची तुलना त्या मापाने करावीच कशाला? दाखला अर्थातच जुन्या म्हैसूर संस्थानाचा. एका कर्तबगार दिवाणाने जे केले ते दहा मंत्रिमंडळांना साधले नाही, असा एकंदर सूर होता.

मला हे मत मान्य नाही.

म्हैसूरचे श्रेय कोणी नाकारत नाही. दिवाण रंगाचार्लूंनी १८८१ साली प्रतिनिधी सभा भरवली, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात तसे काहीच नव्हते. पुढे १९०७ साली विधान परिषदही आली. सभासद गाऱ्हाणी मांडत, दिवाण ऐकून घेत. परंतु दिवाणाला दूर करण्याचा अधिकार सभेला कधीच मिळाला नाही. तो महाराजांना जबाबदार होता. जबाबदार मंत्रिमंडळासाठी म्हैसूरच्या जनतेला ऑक्टोबर १९४७ पर्यंत, तेही सत्याग्रह करून, थांबावे लागले.

आता आपल्या औंधाकडे पाहा. उणीपुरी ७२ गावे. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने स्वराज्याची घटना दिली. तिची बांधणी गावपंचायतींवर होती, तीत विलायती काही नव्हते. मंत्री मात्र सभेला जबाबदार. संसदीय नमुना हा साचा म्हणून नव्हे, तर प्रश्न म्हणून वापरला तरच हा फरक दिसतो. नाहीतर धरणे आणि वीजकेंद्रे मोजत बसावे लागते, आणि त्या मोजणीत औंध कोठेच नसते.

आम्हा अधिकाऱ्यांना दिवाण का आवडतो, हेही सांगून टाकतो. त्या खुर्चीवर आम्ही मनातल्या मनात स्वतःलाच बसवलेले असते!

हेच माप आजच्या सभागृहांनाही लावावे. सप्टेंबर २०१९ मध्ये लंडनला सत्ताधारी पक्षाच्या २१ खासदारांनी सरकारविरुद्ध मत दिले. पक्षाने त्यांना बाहेर काढले, खासदारकी मात्र राहिली. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्वच धोक्यात येते. म्हणून त्याच वर्षी जुलैत बेंगळुरूचे सरकार पाडायला निघालेल्या आमदारांनी आधी राजीनामे दिले, आणि विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी ते सभागृहात नव्हतेच.