जुने घड्याळ आणि रास्त भाव
(द्वितीय वर्ष, कला)

‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ आपण एवढाच घेतो की, जे चकाकते त्याला भुलू नये. पण जे मळके आणि ओरखडलेले दिसते, तेही पुष्कळदा दिसते तसे नसते. त्यातही माणूस फसतो, आणि बहुधा गरजू माणूस फसतो. हे मला एका जुन्या घड्याळाने शिकवले.

ज्याच्या घरातून आजवर कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, त्याने लाखांच्या घड्याळांविषयी लिहावे याचे मित्रांना नवल वाटेल. म्हणून आधीच खुलासा करतो. कॉलेज सुटल्यावर मी संध्याकाळी एका घड्याळजींच्या दुकानात बसतो. त्यातून मेसचे पैसे सुटतात. घड्याळजींना मी काका म्हणतो.

गेल्या दिवाळीच्या सुटीत एक वृद्ध बाई दुकानात आल्या. त्यांचे यजमान मालवाहू जहाजावर इंजिनिअर होते. १९७०–८० च्या सुमारास त्यांनी परदेशी बंदरात एक घड्याळ घेतले होते. ते निवर्तल्यावर ते कपाटात पडून होते. आता आजींना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पैसे हवे होते. एका व्यापाऱ्याने घड्याळ पाहून सांगितले होते, “बंद आहे, काच खराब, रंग उडालेला. वीस हजार देतो.” वीस हजार फार कमी तर नाहीत ना, एवढेच त्यांना विचारायचे होते.

घड्याळ रोलेक्स कंपनीचे ‘सबमरीनर’ होते. पाणबुड्यांसाठीचे हे घड्याळ कंपनीने १९५३ साली प्रथम बनवले. तबकडीभोवती एक फिरती कडी असते. बुडी मारताना तिची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवली की, पाण्याखाली किती वेळ गेला ते एका दृष्टिक्षेपात कळते. प्राणवायू मोजूनच न्यावा लागतो, तेथे ही कडी म्हणजे शोभेची वस्तू नव्हे.

मी उत्साहाने म्हणालो, “काका, बफवर धरून जरा चकाचक करू का? भाव तरी वाढेल.” काकांनी माझा हात धरला. म्हणाले, “अरे, भाव वाढणार नाही, मरेल!”

तेव्हा मला पहिला धडा मिळाला. पॉलिश म्हणजे धातू घासून काढणे. पट्टा जेथे अडकतो ती केसची चार टोके कारखान्यातून जाड आणि धारदार कडांची निघतात. प्रत्येक पॉलिशमध्ये ती थोडी झिजतात, कडा गोल होतात आणि गेलेला धातू पुन्हा येत नाही. म्हणून जाणकार माणूस ओरखडे असलेली पण जाड केस पसंत करतो, चकचकीत पण झिजलेली नव्हे. त्या मानाने काचेचे ओरखडे क्षुल्लक. त्या काळातल्या या घड्याळाची काच प्लास्टिकसारख्या अॅक्रिलिकची असे. ती घासून स्वच्छ होते, किंवा नवी बसवता येते.

दुसरा धडा तबकडीचा. काकांनी डोळ्याला भिंग लावून अक्षरे पाहिली. मूळ छपाई बारीक, रेखीव आणि एकसारखी असते. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर अक्षरे जाड होतात आणि अंतरे चुकतात. या बाबतीत आपल्याकडचे एक नाव जगभर झाले आहे, ते अभिमानाने घ्यावे असे नाही. भारतात नव्याने रंगवलेल्या तबकड्यांच्या जुन्या घड्याळांना परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. माझ्या मते तबकडी रंगवणारा कारागीर लबाड नव्हे. गिऱ्हाइकाला घड्याळ नव्यासारखे हवे होते, त्याने ते करून दिले. रंगवलेले मूळचे म्हणून विकले जाते, तेथे लबाडी सुरू होते.

मग काकांनी दुकानातला दिवा मालवला. त्या वर्षांत तबकडीवरच्या ठिपक्यांत ट्रिशियम हा किरणोत्सारी पदार्थ वापरत आणि खाली ‘स्विस-टी’ अशी खूण छापत. ट्रिशियम सुमारे बारा वर्षांत निम्मे होते. पन्नास वर्षांत जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. म्हणजे इतके जुने घड्याळ अंधारात लखलखले, तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी. आजींच्या घड्याळाचे ठिपके अंधारातच राहिले, काटे मात्र चमकले. तबकडी मूळची होती, काटे पुढे कधीतरी बदललेले होते.

पट्टा सोडवल्यावर केसच्या एका बाजूला मॉडेलचा क्रमांक निघाला, ५५१३, आणि दुसऱ्या बाजूला अनुक्रमांक. पट्टा आडवा धरला तर तो खाली झुकला, म्हणजे कड्या वापराने सैल झाल्या होत्या. मशीन गंजलेले नव्हते, फक्त तेल सुकले होते. वॉशर मात्र वाळले होते. घड्याळावर २०० मीटर लिहिलेले असले, तरी दाबाची चाचणी केल्याशिवाय असे घड्याळ घालून साधे पोहूही नये.

मग काकांनी हिशेब मांडला. मागणारे काय मागतात त्यावर भाव ठरत नाही. मागायला कोणाची जीभ अडते? तसल्याच मॉडेलची, तशाच स्थितीतली घड्याळे प्रत्यक्ष कितीला विकली गेली ते पाहावे, आणि तेही अलीकडचे. कारण २०२१ मध्ये आणि २०२२ च्या आरंभी या घड्याळांचे भाव भराभर चढले, आणि मग उतरले. त्या आकड्यातून बदललेल्या काट्यांचे, सैल पट्ट्याचे, नसलेल्या कागदपत्रांचे आणि सर्व्हिसिंगचे पैसे वजा करावेत. एवढी सगळी वजाबाकी करूनही रक्कम लाखांत राहिली. काकांनी ती कागदावर लिहून दिली आणि म्हणाले, “वहिनी, आणखी दोन ठिकाणी दाखवा. घाई करू नका. आणि कोणालाही पॉलिश करू देऊ नका.”

खरे सांगतो, त्या रात्री मला काका वेडे वाटले. दुकानाचे छप्पर गळते. पंचवीस हजार दिले असते, तरी आजी आशीर्वाद देत गेल्या असत्या! दुसऱ्या दिवशी एका मित्राला सांगितले, तर तो म्हणाला, “दोघे राजीखुशीने मान्य करतात तीच रास्त किंमत. काकांनी ज्ञान मिळवायला चाळीस वर्षे घातली, त्याचा फायदा का घेऊ नये?”

हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. ज्ञानाला मोल हवेच. पण तपासणीची फी घेणे वेगळे आणि समोरच्याच्या अज्ञानावर माल उचलणे वेगळे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला. २००१ साली ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्यांपैकी ते एक. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मालाची खरी स्थिती एकालाच ठाऊक असली, तर दुसऱ्याचा विश्वास उडतो, चांगला माल बाजारातून निघून जातो आणि खराब तेवढा उरतो. तेथे विकणारा जाणता होता, आजींच्या बाबतीत घेणारा जाणता होता, एवढाच फरक.

मला मात्र हे पुस्तकाआधी घरी कळायला हवे होते. माझे वडील कांदा घेऊन बाजार समितीत जातात. व्यापारी मूठभर कांदा हातात घेतो, प्रत ठरवतो, भाव बोलतो. वडील मान डोलावतात, कारण माल परत नेण्याचे भाडे परवडत नाही. त्या मान डोलावण्याला राजीखुशी म्हणायची का? आणि त्यांचाच मुलगा मी, पहिली संधी दिसताच व्यापाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो होतो!

म्हणून माझ्यापुरती रास्त भावाची व्याख्या मी अशी केली आहे : मला जे ठाऊक आहे ते सगळे समोरच्याला सांगितल्यावरही जो भाव टिकतो, तो रास्त. विकताना बदललेले काटे लपवायचे नाहीत, आणि घेताना मूळची तबकडी लपवायची नाही.

आपण शिकतो म्हणजे उद्या आपण जाणत्यांच्या बाजूला जाणार. तेथे गेल्यावर पंचवीस हजारांचा मोह प्रत्येकाला होईल, मला झालाच होता. माझा हात तेव्हा काकांनी धरला. पुढे तो ज्याचा त्यालाच धरावा लागेल.