एच-१बी : पात्रता तुमची, अर्ज कंपनीचा

ऐरोली-महापेच्या आयटी पार्कमधून अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्यांनी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. एच-१बी व्हिसाची याचिका उमेदवार नव्हे, नोकरी देणारी अमेरिकेतील कंपनी दाखल करते.

पात्रता काय? काम विशेष ज्ञानाचे हवे आणि त्याच्याशी संबंधित, अमेरिकेतील ४ वर्षांच्या पदवीच्या तोडीचे शिक्षण हवे. ३ वर्षांची बीएस्सी आयटी इथे सहसा अपुरी पडते. मात्र त्याच क्षेत्रातील ३ वर्षांचा अनुभव शिक्षणाच्या १ वर्षाइतका धरता येतो.

पात्र ठरलात तरी व्हिसा मिळेलच असे नाही. वार्षिक मर्यादा ६५ हजार, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार. नोंदणी त्याहून जास्त झाली की सोडत निघते. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरील नव्या उमेदवारांसाठी १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. एवढा खर्च कंपनी मोजक्यांसाठीच करणार.

म्हणूनच ‘व्हिसाची हमी’ देणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. याचिकेचे शुल्क आणि वकिलाचा खर्च कंपनीनेच करायचा, असा अमेरिकेचा नियम आहे. सोडतीची हमी कोणीच देऊ शकत नाही. जो देतो, तो फसवतो.