सोमवारची पोटदुखी

रविवारी चाळीत हुंदडणारे पोर सोमवारी सकाळी पोट धरून बसते. शाळेची वेळ टळली की बरे होते. घरचे म्हणतात, सोंग करतो. माता-भगिनींनो, ते सोंग नसते. भीतीने पोटात खरोखर कळ येते, डोके दुखते, झोप उडते. अंथरूण ओले करायची सुटलेली सवय परत येते. काही मुली दांडगाईच्या धास्तीने शाळेतल्या मुतारीत जात नाहीत, दिवसभर पाणी पीत नाहीत. मग लघवीला जळजळ.

त्रास म्हणजे मारच असे नाही. डबा पळवणे, खेळात न घेणे, जातीवरून, शिष्यवृत्तीवरून टोमणे. खेळात न घेणे मला माराहून वाईट वाटते; त्याचा वळ दिसत नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या हजारो मुलांची नोंद वर्षानुवर्षे ठेवली गेली. सातव्या व अकराव्या वर्षी छळ सोसलेल्यांत पन्नाशीतही उदासी व चिंता जास्त आढळली, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा "मोठा झाला की विसरेल" हे म्हणणे सोडा.

"तूही दे दोन ठेवून" असे शिकवू नका. नाव आपल्याच पोराचे खराब होते. कधी, कोठे, कोणी, हे तारखेनिशी वहीत लिहा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. (एक रोज बुडतो खरा.) शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७ मध्ये मानसिक छळाला बंदी आहे, ते अर्जात घाला. दाद लागेना तर मुलांसाठीचा १०९८ हा फोन फुकट आहे. झोप-जेवण सुधारेना तर सरकारी दवाखान्यात दाखवा; मनाच्या तक्रारीसाठी १४४१६ वर मराठीतही बोलता येते.