गाळणी एकच हवी

ऑक्टोबर २००५मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमावर एकाने पेरलेला कोड वीस तासांच्या आत दहा लाखांहून अधिक प्रोफाइलांत पसरला. सर्व्हर ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द गाळत होता. त्याने तो मधेच ओळ तोडून लिहिला. सर्व्हरला तो ओळखू आला नाही, काही ब्राउझरांनी मात्र निमूट चालवला. धोका असतो तो दोन समजुतींमधल्या अशा फटीत. तरीही सर्व्हरसाठी एक आणि ब्राउझरसाठी दुसरा, असे एचटीएमएल रचणारे दोन कोड सर्रास लिहिले जातात. वापरकर्त्याच्या मजकुरातले ‘<’ चिन्ह निरुपद्रवी करण्याचा नियम दोन्हीकडे एकाच कोडमधून यायला हवा. सामाईक कोड चुकला तर दोन्ही बाजू उघड्या पडतील, हा आक्षेप खरा आहे. पण ती चूक एकाच ठिकाणी दुरुस्त होते. आणि ब्राउझर वापरकर्त्याच्या हाती असतो, म्हणून तिथून आलेल्या तयार एचटीएमएलवर सर्व्हरने तरीही विसंबू नये.