पुडीतली कॉफी आणि राहून गेलेला प्रश्न

वाचकहो, बीड जिल्ह्यातल्या डॉक्टरने कॉफीवर लिहावे, याचे आपल्यापैकी काहींना हसू येईल. आपल्याकडे पाहुणा आला की चहा, भांडण मिटले की चहा, सोयरीक जुळली की चहा. कॉफी असायची ती एखाद्या उपवासाला किंवा सर्दी-पडशाला. घट्ट दुधाची, वर जायफळ किसून घातलेली. परंतु गेल्या काही वर्षांत किराणा दुकानाच्या दारात शॅम्पूच्या शेजारी कॉफीच्या पुड्यांच्याही माळा लोंबू लागल्या आहेत, कार्यालयांत बटण दाबताच कप भरून देणारी यंत्रे आली आहेत आणि पुण्यात नोकरीला असलेली मुले आई-वडिलांना कॅप्सूलची यंत्रे भेट देऊ लागली आहेत. अशाच एका गृहस्थांनी मला विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, एका कपापुरती कॉफी करायची तर यातले प्रकृतीला चांगले कोणते?’’ त्यांना उत्तर देताना मला माझीच एक चूक आठवली. आधी ती सांगतो.

तालुक्याच्या ठिकाणी कारकून असलेले, पन्नाशीच्या आतबाहेरचे एक रुग्ण माझ्याकडे मधुमेहासाठी येतात. गोळ्या वेळेवर घेणारे, पथ्य पाळणारे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा त्यांचा आकडा सात-साडेसातच्या आसपास असे. तो एकाएकी ८.६ झाला. मी गोळी वाढवली. पुढच्या तपासणीतही आकडा हलला नाही, तेव्हा इन्सुलिनचा विषय काढला. मनुष्य घाबरला, इन्सुलिन म्हणजे शेवट, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. त्यांच्या पत्नी सोबत होत्या. त्या कळवळून म्हणाल्या, ‘‘साहेब, यांनी घरात साखरेच्या डब्याला हात लावला नाही. चहासुद्धा सोडला.’’ मी विचारले, ‘‘मग कार्यालयात काय घेता?’’ उत्तर आले, ‘‘चहा नाही साहेब. कॉफी.’’

इतके महिने मी त्यांना प्रत्येक वेळी ‘चहा किती?’ एवढेच विचारत होतो आणि ते प्रत्येक वेळी ‘नाही’ असे खरे उत्तर देत होते.

दिवाळीनंतर त्यांच्या कार्यालयात यंत्र बसले होते. दिवसाला चार कप होत होते. त्या यंत्रात साखर वेगळी पडत नाही. साखर, दुधाची भुकटी आणि कॉफी यांचे तयार मिश्रणच भरतात. शिपायाकडून रिकामे पाकीट मागवले. शंभर ग्रॅम मिश्रणात वरून घातलेली साखर ६० ग्रॅम, असे त्यावर छापलेले होते. एका कपाला सुमारे १४ ग्रॅम मिश्रण पडते. म्हणजे कपागणिक आठ ग्रॅमहून अधिक आणि चार कपांत ३४ ग्रॅमच्या आसपास साखर. पाच ग्रॅमचा चमचा धरला तर जवळजवळ सात चमचे. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढालाही अशी साखर दिवसाकाठी शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी असे सुचवते. इन्सुलिनचा विषय आम्ही बाजूला ठेवला, यंत्राची कॉफी बंद केली. तीन महिन्यांनी आकडा ७.७ आला. त्यांनी संध्याकाळचे चालणेही सुरू केले होते, त्यामुळे सारे श्रेय कॉफी सोडण्याला देता येणार नाही. पण माझा प्रश्न अपुरा होता, एवढे मात्र निश्चित.

म्हणून एका कपाच्या कॉफीचा विचार करताना पहिली पायरी चवीची नाही, वेष्टन वाचण्याची आहे. आपल्या कायद्यानुसार घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. ‘थ्री इन वन’ म्हणून मिळणाऱ्या पुडीवर पहिले नाव बहुधा साखरेचे असते, कॉफीचे नाव बरेच खाली. अशी पुडी म्हणजे कॉफीचा वास असलेले साखर-दूध समजावे. मधुमेह्याने ती घेऊ नये. घरातल्या मुलांनाही तिची सवय लावू नये. याच्या उलट, दोन-पाच रुपयांची जी लहान पुडी असते तिच्यात बहुधा केवळ विरघळणारी कॉफी असते. दूध किती, साखर किती, हे मग आपल्या हातात राहते. दोन्ही पुड्या एकाच माळेशेजारी टांगलेल्या असतात आणि दुकानदार दोन्हींना ‘कॉफीची पुडी’च म्हणतो, हीच गोम आहे.

त्या लहान पुडीवर आणखी एक ओळ असते, ती सहसा कोणी वाचत नाही: कॉफी इतके टक्के, चिकोरी इतके टक्के. चिकोरी ही एका वनस्पतीची भाजून दळलेली मुळी. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी, असा नियम आहे. चिकोरी म्हणजे भेसळ, असे काहींना वाटते. ते खरे नाही. तिच्यात कॅफीन नसते, त्यामुळे ज्यांना कॉफीने धडधडते त्यांना असे मिश्रण शुद्ध कॉफीपेक्षा सोसते.

आता कॅफीनविषयी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत दीडशे मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, विरघळणाऱ्या कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते असे दिले आहे, आणि दिवसाची मर्यादा ३०० सांगितली आहे. गर्भवतीने २०० च्या आतच राहावे, असे मी सांगतो. गर्भारपणाच्या उत्तरार्धात कॅफीन शरीरातून बाहेर पडायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. एरवी घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. लातूरच्या शिकवण्यांसाठी राहणारी आपली मुले रात्री अकराला दोन-दोन पुड्या एकदम टाकून पितात, पहाटे झोप येत नाही आणि मग छातीत धडधडते म्हणून आई घाबरून माझ्याकडे घेऊन येते. बहुतेक वेळा हृदयात काही नसते. पुड्या मोजल्या की निदान होते. आणि जायफळाने झोप येते म्हणून रात्रीची कॉफी चालते, हे आजीचे समर्थन मी आदराने ऐकतो, पण कपातले कॅफीन त्यामुळे कमी होत नाही.

कागदी गाळणीच्या पिशव्या हा तिसरा प्रकार. कपाच्या काठांवर कानांनी अडकवायची, वरून गरम पाणी ओतायचे. आत खरी दळलेली कॉफी असते. बीडमध्ये दुकानांत हा प्रकार अजून विरळा, पण घरपोच मागवणारे मागवतात. एका कपाला पंचवीस-तीस रुपये किंवा त्याहून जास्त पडतात. तिचा एक वैद्यकीय गुण मात्र सांगण्यासारखा आहे. कॉफीच्या तेलकट अंशात कॅफेस्टॉल नावाचे द्रव्य असते, ते रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. कागद ते बऱ्याच अंशी अडवतो. विरघळणाऱ्या कॉफीतही ते नगण्यच असते. उकळून न गाळता घेतलेल्या कॉफीत ते भरपूर असते, दाबयंत्राच्या एस्प्रेसोतही बऱ्यापैकी. स्वीडनमधल्या उप्साला येथील संशोधकांनी कार्यालयांतली १४ यंत्रे तपासून २०२५ साली हेच दाखवले, की दळलेल्या कॉफीपासून ताजी कॉफी करणाऱ्या यंत्रांच्या कपात कागदी गाळणीपेक्षा कॅफेस्टॉल पुष्कळ जास्त असते. आपल्याकडच्या मिश्रणाच्या यंत्रांना हा दोष फारसा लागू नाही. त्यांचा दोष साखरेचा. दिवसाला चार-पाच कप काळी कॉफी पिणाऱ्या आणि कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाने मात्र कागदी गाळणीकडे वळावे.

आणि कॅप्सूल? त्या गृहस्थांच्या यंत्राची कॉफी मी प्यालो. चव उत्तम होती, हे मान्य करतो. आत साखर नसते; दुधाच्या किंवा चवींच्या कॅप्सूल मिळतात त्या तेवढ्या तपासून घ्याव्यात. पण कप महाग पडतो, वीज गेली की यंत्र मुके, आणि आपल्या बोअरच्या जड पाण्याने आतल्या नळ्यांवर क्षार साचतात. यंत्राला गाळलेले मऊ पाणी द्यावे लागते, अधूनमधून क्षार काढावे लागतात. शिवाय प्रत्येक कपामागे एक ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची डबी उरते. याच कचऱ्यापायी जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने २०१६ साली सरकारी कार्यालयांसाठी कॅप्सूल विकत घेणे बंद केले. अंबाजोगाईच्या किंवा माजलगावच्या घंटागाडीत ती डबी पडल्यावर पुढे तिचे काय होते, हे मी आपल्याला सांगायला नको. हौस म्हणून असू द्यावे. प्रकृतीसाठी त्यात विशेष काही नाही.

माझे मत विचाराल तर बहुतेक घरांना विरघळणाऱ्या कॉफीची साधी लहान पुडी किंवा बरणी पुरेशी आहे. दूध घरचे, साखर मोजून किंवा नाहीच. कार्यालयात यंत्र असेल तर त्यातून नुसते गरम पाणी घ्यावे आणि खिशातली पुडी त्यात टाकावी. माझे ते कारकून आता हेच करतात. सहकाऱ्यांनी प्रथम थट्टा केली. मग त्यांतल्या दोघांनी स्वतःची साखर तपासून घेतली.

प्रकार कोणताही निवडा, वेळ मात्र सांभाळावी लागते आणि इथे मी थोडा हट्टी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या भगिनी डोळ्यांसमोर आणल्या की हा आकडा मला कागदावरचा वाटत नाही. चहा-कॉफीतली द्रव्ये अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात. अमेरिकेत १९८३ साली झालेल्या एका अभ्यासात जेवणासोबत घेतलेल्या कॉफीने लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी घटले, चहाने ६४ टक्क्यांनी. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने काही बिघडले नाही. जेवणानंतर तासाने घेतली तरी मात्र सोबत घेतल्याइतकीच घट झाली. तेव्हा लोहाची गोळी चालू असलेल्या बाईने भाकरी खाऊन लगेच कप हाती धरू नये. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्यावेत.

थायरॉइडची गोळीही सकाळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. कॉफी त्यानंतर किमान अर्ध्या-पाऊण तासाने. आणि रक्तदाब मोजायला येताना अर्धा तास आधीपासून कॉफी टाळावी. माझ्या दवाखान्यासमोरच्या टपरीवरही आता पुड्यांची माळ लागली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.