भाच्याला चावी देण्याआधी

घरात ईदची गडबड असते, शीरखुर्म्याला दूध कमी पडते आणि सोळा वर्षांचा भाचा म्हणतो, "मामू, चावी द्या, आत्ता आणतो." मामू चावी देतात. आपल्या मोहल्ल्यात यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

वाटेत कुणाला धडक बसली, तर मामूंना वाटते, गाडीचा विमा आहे, कंपनी बघून घेईल. कंपनी बघते, पण कशी ते समजून घ्या. जखमी माणसाचा काही दोष नाही, म्हणून न्यायाधिकरण बहुधा कंपनीलाच आधी भरपाई द्यायला लावते. मग तेवढी रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करते, कारण परवाना नसलेल्याच्या हाती जाणूनबुजून गाडी देऊन त्याने विम्याची अट मोडलेली असते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या स्वर्णसिंग निकालाने ही वाट पक्की केली. कंपनीला वेगळा दावाही लावावा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. शिवाय मुलगा अल्पवयीन असल्याने पालक किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, तो वेगळाच.

आणि विमाच नसेल तर? मग सगळा बोजा मालक-चालकावर. त्यांच्याकडे काही नसेल, तर जखमीच्या किंवा त्याच्या बेवेच्या हाती निकालाचा नुसता कागद उरतो. मला हेच जास्त टोचते.

सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो. तो कधी संपला, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. 2022 च्या दरपत्रकात 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला वर्षाचे 714 रुपये आणि कर एवढाच खर्च आहे. विमा नसताना पकडले गेलात, तर पहिल्याच वेळी दंड 2,000.

विमा जायज की नाजायज, हा प्रश्न काही घरांत निघतो. हा विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि सक्तीपोटी घेण्यास अनेक उलेमांनी मुभा दिली आहे. तरी शंका असेल त्यांनी आपल्या मौलानांना जरूर विचारावे. उत्तर मिळेपर्यंत गाडी दारात उभी राहू द्यावी.

मुदत पाहायला एजंट लागत नाही. एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की तारीख दिसते. अब्बांना जमत नसेल, तर हे काम भाच्याला सांगा.